प्रेशर शाफ्टसाठी उच्चशक्ती स्टीलचं लायनर: पहिल्यांदा डिझाइन करणाऱ्यांसाठी

जलविद्युत प्रकल्पात वरच्या जलाशयाचं पाणी टर्बाइनपर्यंत उतरवणारा, डोंगराच्या पोटातला उभा किंवा तिरका बोगदा म्हणजे प्रेशर शाफ्ट. पाणी जसं खाली येतं तसा दाब वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर ते नुसत्या खडकाच्या भरवशावर ठेवता येत नाही. मग आत पोलादी नळ बसवायचा आणि नळ व खडक यांच्यामधली जागा काँक्रीटने भरून काढायची. या नळालाच लायनर म्हणतात. दाब फारच मोठा असला की साध्या स्टीलची जाडी इतकी वाढते की ती प्लेट वाकवणं, वाहून नेणं आणि बोगद्यात वेल्ड करणं सगळंच अवघड होऊन बसतं. अशा वेळी एस६९० किंवा एस८९० सारख्या उच्चशक्ती स्टीलचा विचार सुरू होतो.

यील्ड (स्टील कायमचं ताणलं जाऊ लागतं तो ताण; एस६९० मधले ६९० मेगापास्कल) दुप्पट म्हणजे जाडी निम्मी, हा हिशेब नवीन माणसाला फार लवकर पटतो. पण उच्चशक्ती स्टील देतं ती फक्त ताकद. ताठरपणा साध्या स्टीलइतकाच राहतो, कारण स्थितिस्थापकता गुणांक दोघांचाही सुमारे २,१०,००० मेगापास्कल. वेल्डच्या जोडाची थकवा सहन करण्याची कुवतही यील्डबरोबर वाढत नाही. त्यामुळे जाडीत जे वाचतं त्याची किंमत बकलिंग (बाहेरच्या दाबाने नळ आत चेपणं), वेल्डिंग आणि खडकाची तपासणी या तीन ठिकाणी मोजावी लागते. ती कशी मोजायची हे एका उदाहरणाने पाहू. शाफ्टचा आतला व्यास ३ मीटर, तळाशी स्थिर जलशीर्ष (वर उभ्या पाण्याची उंची) ८०० मीटर. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत.

पायरी १: आतला दाब

१०० मीटर पाण्याचा दाब ०.९८ मेगापास्कल, म्हणजे ८०० मीटरला ७.८५ मेगापास्कल. त्यावर जलाघात, म्हणजे वॉटर हॅमर. झडप क्षणार्धात बंद झाली तर दाबातली वाढ पाण्याची घनता, लहरीचा वेग आणि प्रवाहाच्या वेगातला बदल यांच्या गुणाकाराइतकी. लहरीचा वेग सेकंदाला १,००० मीटर आणि पाण्याचा वेग ५ मीटर धरला तर ही वाढ ५ मेगापास्कल होते, म्हणूनच झडप हळू बंद करतात. पेल्टन टर्बाइनमध्ये (हिच्या चाकावर पाण्याचा झोत मारतात) डिफ्लेक्टर नावाची पट्टी झोत बाजूला वळवते आणि झोत आवरणारी नीडल सावकाश बंद होऊ शकते, त्यामुळे वाढ १०–१५ टक्क्यांत आवरता येते. आपण १५ टक्के धरू: ९२० मीटर, सुमारे ९.०३ मेगापास्कल.

हा आकडा यंत्रविभागाकडून लेखी घ्या. झडपेची वेळ नंतर बदलली तर जाडी बदलते, आणि प्लेटची ऑर्डर तोवर गेलेली असते. नेहमीची स्थिती आणि अपवादात्मक स्थिती (उदाहरणार्थ, नियंत्रण बिघडून झडप वेगाने मिटणं) यांचे दाब वेगळे लिहा. त्यांना अनुज्ञेय ताणही वेगळे लागतात.

पायरी २: नळ एकटा असता तर

वर्तुळाकार ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. सुरुवातीला खडक नाहीच असं समजून जाडी काढा. सुरक्षा घटक कोणता घ्यायचा ते प्रकल्पाने स्वीकारलेल्या संहितेवर अवलंबून आहे. युरोपातल्या सीईसीटी शिफारशी, अमेरिकेतलं एएससीईचं पेनस्टॉकवरचं मॅन्युअल आणि भारतीय मानक ११६३९ यांच्या पद्धती एकसारख्या नाहीत. एका संहितेचा घटक आणि दुसऱ्या संहितेचा भार अशी खिचडी करू नका. इथे यील्डवर १.८ धरतो.

एस६९०क्यूएलची यील्ड ५० मिमी जाडीपर्यंत ६९० मेगापास्कल, म्हणजे अनुज्ञेय ताण ३८३. जाडी येते ३५.४ मिमी. हेच एस३५५ या साध्या स्टीलमध्ये केलं तर प्लेट जाड होत जाते तशी तिची हमी दिलेली यील्ड उतरते, ६३ ते ८० मिमीच्या पट्ट्यात ३२५ पर्यंत. अनुज्ञेय ताण १८०, जाडी ७५ मिमी. वजनात पाहिलं तर मीटरला पावणेतीन टनांच्या जवळपास एक, आणि साडेपाच टनांच्या वर दुसरं. शाफ्टमध्ये फेरूल (नळाचे तयार तुकडे) उतरवणाऱ्या विंचचा विचार केला तर हा फरक लहान नाही.

अजून एक तपासणी इथेच करून टाका. क्वेंच्ड अँड टेम्पर्ड (तापवून झटकन थंड केलेल्या आणि मग पुन्हा तापवलेल्या) स्टीलमध्ये यील्ड आणि अंतिम ताकद एकमेकांच्या फार जवळ असतात. एस६९० ची अंतिम ताकद ७७० पासून सुरू होते, आणि तुटण्याआधीची लांबीतली वाढ किमान १४ टक्के. एस८९० ला ती ११ टक्के आहे, एस३५५ ला विशीच्या आसपास. म्हणजे यील्ड ओलांडल्यावर उरणारी राखीव कुवत कमी. म्हणून अनुज्ञेय ताण ठरवताना अंतिम ताकदीवरचा घटकही लावा आणि दोन्हींत जो लहान निघेल तोच घ्या.

पायरी ३: खडकाचा वाटा

काँक्रीटने वेढलेला नळ फुगतो तेव्हा तो काँक्रीटला ढकलतो, काँक्रीटला अरीय तडे जातात, आणि भार पलीकडच्या खडकावर जातो. गणितात नळापासून बाहेरच्या दिशेने चार थर धरायचे: नळाभोवतीची फट, तडकलेलं काँक्रीट, सुरुंगाने सैल झालेला खडक आणि मग शाबूत खडक. नळाचं बाहेर सरकणं म्हणजे फट अधिक बाकी थरांचं सरकणं, हे समीकरण सोडवलं की खडकावर किती दाब गेला ते कळतं.

फट कुठून येते? नळ बसवताना तो समजा २५ अंश तापमानाला होता आणि नंतर आत ५ अंशाचं पाणी आलं. २० अंशांच्या फरकाने १,५०० मिमीची त्रिज्या ०.३६ मिमीने आखडते. काँक्रीटचं आकुंचन जोडलं की अर्धा मिमी धरायला हरकत नाही. अर्धा मिमी ऐकायला काहीच नाही, पण खडकाची मदत मिळेल म्हणून आपला नळ ३५.४ ऐवजी ३० मिमीचा घेतला, तर तो पूर्ण दाबाखाली मोकळा फुगला तरी २.९ मिमीच फुगतो. म्हणजे सहावा हिस्सा फट भरण्यातच जातो.

आता ३० मिमी जाडी, अर्धा मीटर काँक्रीट आणि १०,००० मेगापास्कल गुणांकाचा चांगला खडक घ्या, सैल थर तूर्त सोडून द्या. खडक ४.६ मेगापास्कल, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त दाब उचलतो आणि स्टीलमधला ताण ४५१ वरून २२० मेगापास्कलवर येतो. खडकाचा गुणांक २,००० केला की वाटा २२ टक्क्यांवर घसरतो आणि ताण ३५४ होतो. स्टील तेच, दाब तोच, फरक फक्त खडकाचा. सैल थर धरला तर दोन्ही आकडे आणखी बिघडतात, म्हणून अंतिम हिशेबात तो सोडू नका.

इथेच मोह होतो. चांगल्या खडकात जाडी १८ मिमी केली तरी गणित २६० मेगापास्कल ताण दाखवतं, अनुज्ञेय ३८३ च्या बरंच खाली. कागदावर सगळं ठीक. पण खडक काढून टाकून तोच नळ तपासा: ७५२ मेगापास्कल. यील्डच्या वर. म्हणजे एखाद्या ठिकाणी काँक्रीटमध्ये पोकळी राहिली किंवा खडक अपेक्षेपेक्षा मऊ निघाला, तर तिथला नळ स्वतःच्या बळावर तग धरणार नाही.

म्हणून खडकाच्या वाट्याला मर्यादा घालतात: खडक शून्य धरला तरी ताण यील्डच्या आत, ठरावीक अंतर राखून, राहिलाच पाहिजे. हे अंतर किती हे संहिता आणि प्रकल्पाचे सल्लागार ठरवतात. माझं मत विचाराल तर उच्चशक्ती स्टीलमध्ये या तपासणीलाच जाडी ठरवू द्यावी आणि खडकाचा वाटा ही शिल्लक समजावी. ३० मिमीला खडकाशिवायचा ताण यील्डच्या ६५ टक्के आहे, १८ मिमीला १०९ टक्के. पहिल्यावर चर्चा होऊ शकते, दुसऱ्यावर नाही.

खडकालाही त्याच्या वाट्याचा भार पेलला पाहिजे. वरचं आच्छादन कमी असेल, दरीची बाजू जवळ असेल किंवा खडकातला किमान मुख्य ताण अपुरा असेल, तर तिथे खडकाचा वाटा शून्य धरा. गुणांकाचे आकडे प्रयोगशाळेतल्या गाभ्याच्या नमुन्यांवरून उचलू नका. नमुन्यात सांधे नसतात, डोंगरात असतात. प्लेट जॅक किंवा डायलेटोमीटरची जागेवरची चाचणी (खडक दाबून तो किती सरकतो हे मोजणारी), आणि खोदाईनंतर भूवैज्ञानिकाने शाफ्टभर केलेलं मॅपिंग, हे दोन्ही हातात आल्याशिवाय जाडीचा तक्ता अंतिम करू नये.

याचं सगळ्यात कटू उदाहरण स्वित्झर्लंडमधलं आहे. क्लूझॉन-डिक्सांस योजनेचं ब्यूड्रॉन वीजकेंद्र १९९८ मध्ये सुरू झालं. १,८८३ मीटर जलशीर्ष आणि प्रत्येकी ४२३ मेगावॉटची तीन पेल्टन यंत्रं. १२ डिसेंबर २००० रोजी शाफ्टचं उच्चशक्ती स्टीलचं लायनर सुमारे ९ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद फाटलं. बाहेर आलेल्या पाण्याने डोंगराचा उतार वाहून नेला, तीन माणसं गेली, आणि केंद्र पूर्ण क्षमतेने परत यायला २०१० साल उजाडलं. कारण एकच नव्हतं, पण फाटलेल्या ठिकाणचा कमजोर खडक हे त्यांतलं एक मानलं गेलं. त्यानंतर उच्चशक्ती लायनरमधले वेल्ड, खडकाची विषमता आणि देखरेख यांवर या क्षेत्रात नव्याने बरंच काम झालं.

पायरी ४: बाहेरचा दाब

शाफ्ट चालू असताना नळ फुटण्याची भीती. तो रिकामा केला की नळ आत चेपण्याची. भूजल नळाच्या मागे साठलेलं असतं, आणि आतून आधार देणारं पाणी निघून गेलेलं असतं. अनुभवी डिझाइनर या तपासणीपासूनच सुरुवात करतात, कारण पातळ लायनरची जाडी बऱ्याचदा इथेच ठरते.

मोकळ्या नळीचा चेपण्याचा दाब जाडी-त्रिज्या गुणोत्तराच्या घनावर चालतो. आपला ३० मिमीचा नळ मोकळा असता तर ०.४६ मेगापास्कलला, म्हणजे ४७ मीटर पाण्याला चेपला असता. ७५ मिमीचा त्याच सूत्राने ७ मेगापास्कलपर्यंत गेला असता. काँक्रीटच्या वेढ्यात मात्र नळ सगळीकडून एकदम चेपू शकत नाही. एका जागी लाटेसारखा आत उचलला जातो. या एका लाटेचं गणित अॅमस्टुट्झ आणि जेकबसेन यांनी मांडलं आणि आजही तेच वापरतात. ३० मिमी एस६९० आणि अर्धा मिमी फट धरून अॅमस्टुट्झच्या पद्धतीने ढोबळ हिशेब केला तर ५ मेगापास्कलच्या थोडं वर उत्तर येतं. ७५ मिमी एस३५५ ला त्याच्या अडीच पट. यील्ड वाढल्याने इथे थोडी मदत होते हे खरं, पण जाडी घटल्याने जे जातं ते कितीतरी जास्त.

समजा त्या जागी भूजल ३०० मीटर उभं आहे. दाब २.९४ मेगापास्कल, १.८ घटक लावला की ५.३. अगदी काठावर. जेकबसेनचं उत्तर सहसा अॅमस्टुट्झपेक्षा कमी येतं, आणि नळ पूर्ण गोल नसतो, फटही सगळीकडे सारखी नसते. म्हणजे ३० मिमी इथे पुरत नाही. दुसऱ्या पायरीतल्या ३५.४ वर गंजासाठीचा वाढावा धरून ३८ मिमीकडे जावं आणि बकलिंगचा हिशेब पुन्हा करावा.

जाडी वाढवण्याऐवजी दोन वाटा सुचवल्या जातात. एक म्हणजे बाहेरून ताठरक कड्या. साध्या स्टीलला त्या बऱ्या. उच्चशक्ती स्टीलला प्रत्येक कडी म्हणजे दोन फिलेट वेल्ड, आणि कडीच्या खाली काँक्रीट नीट न भरण्याची शक्यता. शक्यतो टाळा. दुसरी म्हणजे निचरा: नळामागे ड्रेन पाइप किंवा खडकात वेगळी निचरा गॅलरी. गॅलरी चांगली, तिची देखभाल करता येते. नळाला चिकटलेले ड्रेन पाइप मात्र काँक्रीटमधून विरघळणाऱ्या चुन्याने वर्षानुवर्षांत बुजतात आणि बुजल्याचं कळतही नाही. त्यामुळे त्यांच्या भरवशावर भूजलाची पातळी हिशेबात फार खाली आणू नका. खात्री नसेल तिथे पातळी थेट जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत धरतात.

ओलं काँक्रीट भरताना आणि ग्राउटिंग (उरलेल्या फटींत दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण भरणं) करतानाही नळावर बाहेरून दाब येतो. काँक्रीटच्या एका ओताची उंची आणि ग्राउटचा कमाल दाब हे दोन्ही ड्रॉइंगवर लिहा, नाहीतर साइटवर ते पंपाच्या क्षमतेवर ठरतात.

पायरी ५: स्टीलची खरेदी आणि वेल्डिंग

प्लेटच्या नावात शेवटी येणारं 'क्यूएल' सहज घेऊ नका. त्याचा अर्थ उणे ४० अंशाला चार्पी (आघात सोसण्याच्या) चाचणीत लांबीच्या दिशेने किमान ३० जूल आणि आडव्या दिशेने २७ जूल. कणखरपणा इतका महत्त्वाचा का? कारण ताण वाढवला की घातक भेगेचा आकार त्याच्या वर्गाच्या प्रमाणात लहान होतो. कणखरपणा तोच ठेवून ताण दुप्पट केला तर पूर्वीच्या एक चतुर्थांश भेगही पुरेशी असते. म्हणजे साध्या स्टीलमध्ये दुर्लक्ष करता येणारा दोष इथे सोडता येत नाही, आणि तो शोधण्याची पद्धतही तितकीच तीक्ष्ण लागते. प्लेटचा दाखला पुरेसा नाही. वेल्ड धातू आणि त्याच्या शेजारचा उष्णताबाधित पट्टा यांचीही चार्पी मागा.

वेल्डिंगमधला मुख्य शत्रू म्हणजे हायड्रोजनमुळे होणारे थंड तडे. इलेक्ट्रोडचा ओलावा, प्लेटवरचं दव, शाफ्टमधली दमट हवा, सगळीकडून हायड्रोजन येतो आणि वेल्ड थंड झाल्यावर, कधी कधी दिवसभराने, तडा उघडतो. उपाय माहीत आहेत: कमी हायड्रोजनचे आणि भट्टीत सुकवलेले इलेक्ट्रोड, जाडीनुसार सुमारे १०० ते १५० अंशांचं प्रीहीट, आणि उष्णतेच्या मात्रेला दोन्ही बाजूंनी मर्यादा. मात्रा कमी पडली तर पट्टा ठिसूळ होतो, जास्त झाली तर क्वेंचिंगने मिळवलेली ताकद निघून जाते. तपासणी वेल्ड संपल्यावर लगेच करून उपयोग नाही. ४८ तास थांबून अल्ट्रासोनिक आणि मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी करा. कंत्राटाच्या वेळापत्रकात हे ४८ तास सुरुवातीलाच धरलेले असले तर नंतर भांडण होत नाही.

उभे जोड, म्हणजे नळाच्या लांबीच्या दिशेचे, सगळ्यात धोक्याचे, कारण पूर्ण वर्तुळाकार ताण त्यांच्या आडवा जातो. ते कारखान्यातच, दोन्ही बाजूंनी, करून घ्या आणि शेजारच्या फेरूलमधले उभे जोड एका रेषेत येऊ देऊ नका. आडव्या गोल जोडांवर ताण कमी असतो: वर्तुळाकार ताणाच्या सुमारे ३० टक्के, अधिक पाण्याच्या गारव्याने येणारा अंशाला अडीच मेगापास्कल. साइटवरचे जोड हेच असतात, आणि बाहेरून वेल्डरला शिरायला जागा नसेल तर ते आतून एकाच बाजूने, मागे पट्टी लावून करावे लागतात. पट्टीमुळे अल्ट्रासोनिकचे संकेत वाचणं अवघड होतं. खोदाईचा व्यास ठरवतानाच बाहेरून माणूस मावेल का याचा निर्णय घ्या, नंतर तो घेता येत नाही.

ग्राउटिंगसाठी नळाला भोकं पाडून नंतर बूच वेल्ड करण्याची जुनी पद्धत या स्टीलमध्ये नको. लहान, जाड प्लेटमध्ये जखडलेला वेल्ड तडकायला फारसं निमित्त लागत नाही. ग्राउटच्या नळ्या काँक्रीट भरण्याआधी नळाबाहेरून बसवून घ्याव्यात.

पायरी ६: आकार आणि थकवा

जोडाच्या दोन कडा ३ मिमीने वरखाली जुळल्या तर ३० मिमी प्लेटमध्ये मूळ ताणाच्या सुमारे ३० टक्के वाकण्याचा ताण वर बसतो. उभ्या जोडाजवळ प्लेट नीट न वळल्याने छपरासारखा कोन राहिला तर परिणाम याच जातीचा. म्हणून गोलाई फक्त व्यास मोजून तपासू नका. जोडावर टेम्पलेट लावून स्थानिक कोनही मोजा.

केंद्र दिवसातून अनेकदा सुरू-बंद होणार असेल, किंवा पंप साठवण असेल, तर थकव्याचा हिशेब सक्तीचा. दाबातला बदल ५० मीटरचा असला तर ३० मिमी नळात, खडक न धरता, ताणाचा बदल साधारण २५ मेगापास्कल. एकटा हा आकडा छोटा, पण त्याला कडांच्या विसंगतीचा गुणक लावा आणि पन्नास वर्षांची आवर्तनं मोजा. संहितेतली वेल्ड जोडांची थकवा-वर्गवारी सगळ्या स्टीलना एकच असते. त्यामुळे जाडी निम्मी केली की ताणाचा बदल दुप्पट होतो, आणि आयुष्य त्याच्या साधारण तिसऱ्या घाताने घटतं, म्हणजे आठवा हिस्सा उरतो.

पायरी ७: पहिली भरणी

नळामागे काँक्रीट भरलं गेलं आहे का हे नळावर हातोडी वाजवून तपासतात. पोकळ आवाज आलेल्या जागा नोंदवून तिथे संपर्क ग्राउटिंग करतात. मग शाफ्ट टप्प्याटप्प्याने भरायचा. प्रत्येक टप्प्यावर थांबून गळती, निचऱ्याचा प्रवाह आणि भूजलमापकांचे आकडे पाहायचे, ते स्थिरावल्याशिवाय पुढे जायचं नाही. निवडक ठिकाणी, मुख्यतः खडक मऊ असलेल्या जागी, नळाच्या बाहेर स्ट्रेन गेज आणि दाबमापक आधीच बसवलेले असतील तर तिसऱ्या पायरीत धरलेला खडकाचा वाटा खरा होता की नाही हे याच वेळी समजतं. मोजलेला ताण हिशेबापेक्षा जास्त आला तर पूर्ण दाबाला नेण्याआधी थांबा आणि त्या पट्ट्याचा नव्याने हिशेब करा.

रिकामं करतानाचा वेग भरण्याइतकाच काटेकोर ठेवा. खडकातलं पाणी नळातल्या पाण्याइतक्या चपळाईने उतरत नाही. ही गती, तिच्यासाठीची भूजलमापकाची मर्यादा आणि ती ओलांडली तर काय करायचं, हे तीन मुद्दे संचालन पुस्तिकेत लिहून केंद्र चालवणाऱ्यांच्या हवाली करा. पहिली अंतर्गत तपासणी वर्षभराच्या आसपास ठेवून उभे जोड पुन्हा अल्ट्रासोनिकने पाहावेत.